टाय-डाय टीशर्टवरचं पांढरं नाव गुलाबी का झालं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. ट्रेकिंग ग्रुपसाठी 30 टाय-डाय टीशर्ट केलेत. निम्मे घरी बांधून रंगवले, वेळ पुरेना म्हणून उरलेले बाजारातून तयार आणले. सगळ्यांच्या छातीवर पांढऱ्या हीट ट्रान्सफर विनाइलमध्ये (उष्णतेने कापडाला चिकटणारी पातळ फिल्म) ग्रुपचं नाव आणि खाली गडाच्या कड्याची रेघ, घरच्या इस्त्रीने चिकटवलेली. पहिल्याच पावसाळी ट्रेकनंतर काहींचं नाव गुलाबी झालं, काहींच्या कडा सुटल्या, आणि ग्रुप फोटोत तर नाव वाचताच येत नाही. आता विचारताय, महागातलं विनाइल घेऊ की हीट प्रेस, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन चिकटवणारं मशीन, घेऊ?

सध्या दोन्ही घेऊ नका. गुलाबी होणं हे रंगाचं दुखणं आहे, कडा सुटणं हे उष्णतेचं आणि दाबाचं, आणि नाव न दिसणं हे चित्राचं. नवं मशीन आलं तर त्यातलं मधलं बरं होईल. पहिलं कदाचित वाढेलच.

मी कोल्हापुरात बारा वर्षं टीशर्टवर छपाई आणि विनाइलचं काम करते, आणि त्याआधी तीन-चार वर्षं घरीच टाय-डाय करून विकायचे. त्यामुळे रंगवणारा आणि चिकटवणारा एकमेकांवर कसं ढकलतात ते दोन्ही बाजूंनी पाहिलंय. माझ्या अनुभवात विनाइल क्वचितच गुन्हेगार असतं. बहुतेक वेळा खालच्या कापडातला रंग अजून शांत झालेला नसतो आणि आपण त्याच्यावर पांढरं ठेवून मोकळे होतो.

तुम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही, आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. गुलाबी झालेले टीशर्ट घरी रंगवलेले आहेत की विकत आणलेले?

विकत आणलेल्यांतला एक घ्या आणि उलटा करून आतली बाजू बघा. खरं टाय-डाय असेल तर रंग आरपार गेलेला दिसेल, थोडा फिका असेल इतकंच. आतून कापड पांढरं किंवा पांढुरकं असेल, तर तो टीशर्ट कुणी बांधलेला नाही, कुणी रंगात बुडवलेला नाही. त्यावर टाय-डायचं चित्र छापलंय. असे टीशर्ट आता सगळीकडे मिळतात आणि लांबून ओळखू येत नाहीत. बहुतेक वेळा ते पॉलिएस्टरचे असतात, कारण ही सब्लिमेशन छपाई पॉलिएस्टरवरच नीट बसते. दुकानदार "कॉटन फील" म्हणतो. त्यातला "फील" हा शब्द ऐकायला शिका.

तरी शंका असेल तर शिवणीच्या आतला एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून काडी लावा. कॉटन कागदासारखं जळतं, तसाच वास येतो, बोटांनी चुरली तर राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिक्स कापडात दोन्हींचं थोडं थोडं दिसतं. धागा सिंकवर धरा, आणि मणी गार झाल्याशिवाय हात लावू नका.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? पॉलिएस्टरला लागणारा रंग डिस्पर्स जातीचा असतो. तो तापवला की पातळ न होता थेट वाफ होऊन उडतो. शाळेत कापराचं उदाहरण देऊन संप्लवन शिकवलं होतं ना, तेच. सब्लिमेशन छपाई याच गुणावर चालते. साधारण 190 ते 200 अंश सेल्सिअसला रंगाची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. आता अशा कापडावर तुम्ही साधं विनाइल 150-160 अंशांना दाबलं, तर तोच रंग पुन्हा हलायला लागतो. वर जायला त्याला एकच वाट असते, तुमचं पांढरं नाव. हे विनाइल बहुधा पॉलियुरेथेनचं असतं, डिस्पर्स रंगाला ते चांगलं मानवतं. आणि इस्त्री उचलली की हे थांबत नाही, नंतर तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस रंग हळूहळू वर येत राहतो.

हे मी फुकट शिकलेले नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका ढोल-ताशा पथकाची 60 टीशर्टची ऑर्डर होती. कापड केशरी, माल देणाऱ्याने कॉटन म्हणून दिलेला, मी न तपासता घेतलेला. रात्री अकराला घड्या घालून ठेवले तेव्हा अक्षरं पांढरीशुभ्र होती. सकाळी पथकाची माणसं न्यायला आली तेव्हा सगळी अबोली झाली होती. त्यांच्यातल्या एका मुलीला तो रंग आवडला, एवढीच त्या दिवशीची चांगली बातमी. बाकी पैसे परत करावे लागले.

घरी रंगवलेल्यांचं गणित वेगळं आहे. तुम्ही कोल्ड ब्रँडचे रंग आणि धुण्याचा सोडा वापरला असेल असं धरते, कारण टाय-डायसाठी आपल्याकडे रंगाच्या दुकानात तेच देतात. हे रिअ‍ॅक्टिव्ह रंग. 1956 साली आयसीआय कंपनीने प्रोसिऑन या नावाने ते बाजारात आणले, आणि कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे हे पहिले रंग होते. ते इस्त्रीने उडत नाहीत. पण त्यांची एक खोड आहे. सोडा घातला की रंग धाग्याशी जुळतो, आणि त्याच वेळी पाण्याशीही जुळतो. पाण्याशी जुळलेला रंग कायमचा बाद, तो आता धाग्याला कधीच पकडणार नाही. पण तो कापडातच बसून राहतो आणि दिसायला पक्क्या रंगासारखाच दिसतो. धुतला नाही तर पावसात, घामात तो वाहतो, आणि पांढरं जे काही दिसेल त्याच्यावर जाऊन बसतो. टाय-डायमध्ये तर आपण रंग बाटलीने ओततो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे बाद रंगही जास्त.

गुलाबीपणा कुठून आला हे ओळखायची माझी सोपी रीत सांगते. ओलं फडकं आणि थोडा अंगाचा साबण घेऊन डागाळलेलं अक्षर हलक्या हाताने चोळा. रंग फडक्यावर आला आणि अक्षर उजळलं, तर डाग बाहेरून आलाय, म्हणजे धुण्यात कसर राहिली. फडकं कोरंच राहिलं, तर रंग खालून आत मुरलाय आणि तो आता निघणार नाही. कॉटनचे टीशर्ट बहुधा पहिल्या गटात पडतील, छापलेले दुसऱ्या.

पुढच्या वेळी घरी रंगवाल तेव्हा धुण्यावर रंगवण्याइतकाच वेळ ठेवा. मी असं करते. रंग ओतून झाला की गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर, थंडी असेल तर पूर्ण 24 तास ठेवते. मग गाठी न सोडता आधी गार पाण्याखाली धरते, सोडा आणि मीठ निघून जाईपर्यंत. ही पायरी लोक गाळतात आणि थेट गरम पाण्यात टाकतात. सोडा-मीठ शिल्लक असताना बाद रंग धाग्याला चिकटून राहतो, सुटत नाही. गार पाणी बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागलं की गाठी सोडायच्या, पुन्हा गार, आणि मग हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात डिटर्जंट टाकून टीशर्ट अर्धा तास बुडवून ठेवायचे. पाणी रंगीत झालं की ओतून द्यायचं, पुन्हा तेच. लाल आणि फिरोजी रंगाला माझ्याकडे चार-पाच वेळा लागतात. पिवळा लवकर संपतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी एक-दोन वेळा धरा, जड पाण्यात रंग सुटायला कुरकुरतो. या शेवटच्या कामासाठी मी नळाचं पाणी साठवून ठेवते.

पुरेसं धुतलं की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. जुना पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा, ओल्या टीशर्टच्या सगळ्यात गडद भागावर ठेवा, वर प्लास्टिक आणि जड काहीतरी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी रुमाल पांढरा असेल तर टीशर्ट विनाइलसाठी तयार. आमच्याकडे या कामाला पाटा आहे. वाटण मिक्सरवर गेल्यापासून त्याला दुसरं काम नव्हतंच.

शेवटच्या धुण्यात फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याचा मऊ थर धाग्यावर बसतो आणि विनाइलचा गोंद त्या थराला चिकटतो, कापडाला नाही. हळदीने रंगवणारेही काहीजण भेटतात, म्हणून सांगून ठेवते. हळदीचा पिवळा साबण लागला की लाल होतो आणि उन्हात उडून जातो. त्यावर विनाइल लावायचं तर गिऱ्हाइकाला आधी हे सांगून लावा.

कडा सुटण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण कारणं ठरलेली आहेत. घरच्या इस्त्रीला नेमके अंश कळत नाहीत, वाफेच्या भोकांखाली दाब पडत नाही, आणि मऊ गादीवर दाबलं तर अर्धा दाब गादीच खाते. इस्त्रीनेच करायचं तर लाकडी टेबलावर पातळ सुती कापड एकदाच अंथरा, वाफ बंद ठेवा, इस्त्री फिरवू नका, उचलून उचलून ठेवा आणि अंगाचा भार द्या. त्याआधी टीशर्ट नुसताच पाच-दहा सेकंद दाबून घ्या. पावसाळ्यात हे चुकवून चालत नाही. हाताला कोरडा लागणारा टीशर्टही जुलैत ओलसर असतो, ती ओल वाफ होऊन गोंदाच्या खाली अडकते आणि तिथूनच कड उचलते. लावल्यावर 24 तास पाणी लागू देऊ नका. तुम्ही शुक्रवारी रात्री लावून शनिवारी पहाटे गड चढायला निघाला असाल, तर कडा सुटल्याचं मला नवल वाटणार नाही.

अंश आणि सेकंद विनाइलच्या रोलवर किंवा विकणाऱ्याकडे लिहिलेले असतात, ते पाळा. माझ्याकडचं साधं विनाइल 150 ते 155 अंशांना 12-15 सेकंदांत बसतं, पण तुमचं वेगळं असू शकतं. विनाइलच्या वरची प्लास्टिकची शीट गरम असताना सोलायची की गार झाल्यावर, हेही विनाइलनुसार बदलतं, आणि इथे घाई केली की अक्षराचा कोपरा शीटबरोबर वर येतो. दाबल्यावर टीशर्टचा रंग क्षणभर मळका किंवा वेगळाच दिसला तर घाबरू नका. गरम असताना बरेच रंग छटा बदलतात आणि गार होऊन हवेतली ओल परत घेतली की जाग्यावर येतात. पांढरा भाग पिवळट पडला तर मात्र ते करपणं आहे, तिथे उष्णता कमी करा.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय ते म्हणजे नाव वाचता न येणं.

टाय-डायचा टीशर्ट मुळातच मोठ्याने बोलत असतो. त्याच्यावर बारीक रेघेचं पांढरं चित्र म्हणजे मिरवणुकीत कुणाच्या कानात सांगितलेला निरोप. साध्या काळ्या टीशर्टवर तुमची कड्याची रेघ छान दिसली असती. इथे पांढरी रेघ फिकट पिवळ्यावर हरवते, गुलाबीवर उठते, पुन्हा पांढऱ्या भागात हरवते. डोळ्याला ती सलग दिसतच नाही. शिवाय पांढरं विनाइल पातळ असेल तर खालच्या रंगाचे चट्टे त्यातून दिसतात आणि ते मळकं वाटतं.

म्हणून माझा पहिला सल्ला, काळं लावा. टाय-डायमध्ये आपण सहसा उजळ रंग घेतो, काळा त्या सगळ्यांवर वाचता येतो, आणि खालून रंग आलाच तरी काळ्याचं काही बिघडत नाही. टीशर्ट गडद निळे-जांभळे असतील तरच पांढरं, आणि तेही तीन-चार मिलिमीटर रुंद काळी बाहेररेषा देऊन. काळा थर आधी तीन-चार सेकंद नुसता चिकटवायचा, वर पांढरा ठेवून मग पूर्ण दाबायचा. तळाच्या थराला चमकी विनाइल नको, त्यावर दुसरं धरत नाही.

दुसरं, रेघेऐवजी आकार घ्या. तुमच्या कड्याची बाह्यरेषा भरीव काळी करा आणि ग्रुपचं नाव त्यातून कोरून काढा, म्हणजे अक्षरांच्या जागी टीशर्टचाच रंग दिसेल. 30 टीशर्टवर एकच डिझाइन, पण कुणाचं नाव केशरी, कुणाचं निळं, कुणाचं दोन्ही. टाय-डायवर विनाइल लावण्यात मजा असेल तर ती हीच. आकार तळहाताच्या दीडपटीपेक्षा मोठा करू नका. चढणीवर भरीव प्लास्टिकखाली घाम सुकत नाही आणि छातीला ओली पट्टी बांधल्यासारखं वाटतं.

देवनागरीचं एक वेगळंच प्रकरण आहे, त्यावर कुणी बोलत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेखेवर एकमेकांना टेकलेली. पडद्यावर सलग दिसणारी ही रेघ प्लॉटरच्या, म्हणजे विनाइल कापणाऱ्या मशीनच्या, दृष्टीने प्रत्येक अक्षराचा वेगळा तुकडा असते, आणि जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे पातं आडवं कापून जातं. मग जादाचं विनाइल सोलताना शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी निघते, आणि धुतल्यावर त्याच सांध्यांतून कडा उचलतात. कापण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचं आकारात रूपांतर करा आणि सगळं वेल्ड करा, एकमेकांत जोडून टाका, म्हणजे पूर्ण शब्द एकच तुकडा होईल. मग पडद्यावर फक्त बाह्यरेषा दिसेल असं करून तपासा. अक्षरांच्या मध्ये उभी रेघ दिसली तर वेल्ड राहिलंय. कापण्याआधी चित्राचा आरसा करायला, म्हणजे ते उलटं करायला, विसरू नका हे तुम्हाला सांगायला नको, पण मी अजूनही वर्षातून एकदा विसरते.

अनुस्वार आणि नुक्ता ही सुटी टिंबं. दोन मिलिमीटरचं टिंब पहिल्या चार धुण्यांत गळतं आणि "रंग"चा "रग" होतो. टिंब मोठं करा, निदान चार मिलिमीटर, किंवा अनुस्वार शिरोरेखेला टेकवा. थोडं अशुद्ध दिसतं, पण टिकतं. रेघेची जाडी कुठेही दोन मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. वळणदार बारीक फॉन्टचा मोह टाळा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा बालू हा फॉन्ट मोफत मिळतो, जाड आहे, कोपरे गोल आहेत. विनाइलला गोल कोपरा टोकदार कोपऱ्यापेक्षा जास्त टिकतो, कारण धुताना उचलायला टोकच सापडत नाही.

आणि पुढच्या वेळी रंगवण्याच्या आधीच नावाची जागा ठरवा. बांधणीवाल्यांची सगळी कला हीच आहे की जिथे रंग नको तिथे आधी बांधून ठेवायचं. छातीचा डावा भाग चुणी करून रबरबँडने घट्ट आवळा, त्यावर रंग ओतू नका, आणि बाकीचा टीशर्ट हवा तसा फिरवा. सोडल्यावर तिथे फिकट, निवांत जागा मिळते. त्या जागेवर साधं काळं नावसुद्धा उठून दिसतं. भोवऱ्याच्या डिझाइनमध्ये भोवऱ्याचा डोळा छातीच्या मधोमध घेऊ नका. तो खाली, पोटाच्या एका बाजूला घ्या. डोळ्यावर नाव ठेवलं की बघणाऱ्याची नजर भोवऱ्यात फिरते आणि नाव राहून जातं.

"आधी विनाइल लावून मग रंगवलं तर?" असंही शेवटी विचारलंय तुम्ही. मी एकदा करून पाहिलं. विनाइलवर रंग फारसा बसत नाही हे खरं, पण बांधताना त्याला घड्या पडल्या, आणि सोडा, गरम पाणी, पुन्हा गरम पाणी यातून गोंद थकून गेला. दुसऱ्यांदा केलं नाही.

हातातल्या 30 टीशर्टचं काय करायचं? ज्यांची साबणाने उजळतात ती अक्षरं साफ करा, टीशर्ट उलटे करून कोमट पाण्यात दोन-तीनदा वेगळे धुवा, रुमालाची परीक्षा घ्या. सुटलेल्या कडा पूर्ण कोरड्या आणि स्वच्छ असतील तर वर बटर पेपर ठेवून पुन्हा दाबा. कडेखाली माती गेली असेल तर ती धरणार नाही, उगाच तापवत बसू नका.

जे खालून गुलाबी झालेत त्यांच्यावर तोच शब्द काळ्यात, सगळ्या बाजूंनी दोन मिलिमीटर मोठा कापून वर बसवता येईल. पण ते कापड पॉलिएस्टर असेल तर साधं विनाइल पुन्हा 150 अंशांना दाबू नका. कमी तापमानाचं, 120-130 अंशांत चिकटणारं विनाइल मागा. पांढरंच हवं असा ग्रुपचा हट्ट असेल तर रंग अडवणारा करडा थर असलेलं मिळतं, ते घ्या, थोडं जाड आणि महाग असतं. डीटीएफ (चित्र फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर उतरवणं) करून घ्या असंही कुणी सुचवेल. अनेक रंगांचं चित्र असेल तर ते सोयीचं आहे, पण पॉलिएस्टरचा रंग त्यातूनही वर येतो, त्यामुळे या दुखण्यावर ते औषध नाही.

मशीन 30 टीशर्टसाठी घेऊ नका. तुमच्या गावात कुणाकडे तरी हीट प्रेस असेलच, कापलेलं आणि सोललेलं विनाइल घेऊन जा, नगावर पैसे देऊन दाबून घ्या. आधी एकच टीशर्ट करा, दोन दिवस तसाच ठेवा, तीनदा धुवा, मगच उरलेले न्या.

आतली बाजू पांढरी निघाली की रंगीत, आणि धाग्याचा मणी झाला की राख, एवढं बघून कळवा. काळं कोणतं घ्यायचं ते त्यावर सांगते.